कार्ट रिकामी करा, आधी महिना ठरवा

कुडचड्याच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ते लिहितात: ‘मी नोकरदार आहे. मीटरगेजच्या दिवसांत लहानपणी पाहिलेल्या स्टेशनांसारखे, घाटाच्या पायथ्याचे एक छोटे काल्पनिक स्टेशन तीन फूट बाय दोन फुटांच्या फळीवर करायचे ठरवले आहे. स्केल १:८७, म्हणजे प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) इमारत, मंगळुरी कौले, दोन-चार माड, पावसातली हिरवळ आणि मागे दूधसागर. मित्राने मीटरगेजवरचे वायजी जातीचे वाफेचे इंजिन रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून दिले. जुलैत त्याला काळा स्प्रे मारला, तर वाळता वाळता तो पांढुरका झाला. नमुन्यादाखल केलेल्या डोंगराच्या तुकड्यावर बुरशी आली. आता बावीस हजारांचे सामान ऑनलाइन कार्टमध्ये भरून ठेवले आहे: चोवीस रंगांचा संच, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेन), त्याचा कॉम्प्रेसर, चार प्रकारचे नायलॉनचे गवत, ते उभे करणारे यंत्र, तयार झाडे, पाण्यासाठी इपॉक्सी, पन्नास नगांचा हत्यारांचा संच आणि १६.५ मिलिमीटरचे रूळ. बायको विचारते, एवढे खरेच लागते का? काय घ्यावे, काय गाळावे? नऊ वर्षांच्या मुलीला सोबत घ्यायचे आहे, ते चालेल का?’

नमस्कार.

एवढे लागत नाही. यादीतला तिसरा हिस्सा पुरेल आणि उरलेल्या पैशांतून तोच हिस्सा चांगल्या प्रतीचा घेता येईल. ज्याने असे संच बांधले त्याच्या डोळ्यांपुढे दुसरा देश होता. ते गवत युरोपातल्या कुरणाचे आहे, ती झाडे थंड हवेतल्या रानाची आहेत आणि तो काळा स्प्रे कोरड्या खोलीत मारायचा आहे. तुम्ही कुडचड्यात बसून तांबड्या मातीतले स्टेशन करता आहात. कोणता रंग घ्यावा हे इथल्या मातीला विचारा आणि तो केव्हा, कसा लावावा हे इथल्या हवेला. माझे सगळे उत्तर या दोन गोष्टींभोवतीच आहे.

रंगाची एकही बाटली घेण्याआधी तुमच्या देखाव्यातला महिना ठरवा. ‘पावसातली हिरवळ’ एवढ्याने भागत नाही. मृगाच्या पहिल्या सरींत चिरे भिजून गडद होतात, डबक्यांत तांबडे पाणी साचते, पण गवत अजून बोटभरच असते. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींवर शेवाळ चढते आणि रान काळपट हिरवे होते. ऑक्टोबरात गवत कमरेएवढे होऊन शेंड्याकडून पिवळे पडू लागते. एप्रिलमध्ये तर सगळीकडे भाजलेल्या काथ्याचा रंग, आणि रस्त्याकडेच्या पानांवर धूळ. या चार वेळांसाठी चार वेगळ्या खरेद्या आहेत. मी तुमच्या जागी असतो तर चवथीच्या आसपासचे दिवस निवडले असते. ओहोळ वाहते असतात, भाताचा पिवळसर हिरवा आणि रानाचा गडद हिरवा शेजारी शेजारी दिसतात, भिंतींवर पावसाच्या खुणा ताज्या असतात आणि उघडिपीच्या उन्हात चिरा आपला खरा रंग दाखवतो. एकदा हे ठरले की हिरव्याच्या तीनच छटा लागतात. चोवीसचा संच तिथेच गळतो.

आता दूधसागर. त्याचा मोह मी समजू शकतो, पण तो या फळीवर करू नका. त्याची उंची साधारण ३१० मीटर धरली जाते. १:८७ ला ते साडेतीन मीटरपेक्षा जास्त होतात, म्हणजे तुमच्या घराच्या छतातून वर जावे लागेल. १:१६० ला उतरलात तरी जवळजवळ दोन मीटर. दीड फुटाचा दूधसागर केलात तर पुढचे स्टेशन आणि इंजिन यांच्या मापाने तो रस्त्याकडेच्या एखाद्या धबधब्याएवढा दिसेल आणि पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे सतत वाटत राहील. त्यापेक्षा रुळाच्या कडेच्या कातळावरून उतरणारा एक बिननावाचा ओहोळ करा. पावसात घाटात असे ओहोळ पावलोपावली असतात. फूटभर उंचीचा केलात तर तो खऱ्यातला सव्वीस-सत्तावीस मीटरचा होतो. तेवढे पाणी स्टेशनाच्या मागे भरपूर आहे आणि ते मापात बसते.

रुळांचेही तसेच. १६.५ मिलिमीटरचे रूळ १:८७ ला युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी, म्हणजे दोन रुळांमधल्या तेवढ्या अंतरासाठी असतात. आपला एक मीटरचा मीटरगेज त्या मापात साडेअकरा मिलिमीटरचा येतो. स्विस डोंगरी रेल्वेची मॉडेले करणारे लोक १:८७ लाच १२ मिलिमीटरचा रूळ वापरतात, कारण त्यांची ती रेल्वे मीटरगेजच आहे. तो तुकडा मागवा. तुमचे दृश्य स्थिर आहे, तेव्हा तीन फुटांपेक्षा जास्त लागणार नाही.

पांढुरक्या झालेल्या इंजिनाबद्दल. तुमचा हात बिघडलेला नाही आणि बहुधा डबाही खराब नव्हता. लॅकर जातीच्या स्प्रेमधला द्रव फार वेगाने उडून जातो. उडताना तो पृष्ठभाग थंड करतो आणि हवा दमट असेल तर त्या थंड थरावर बाष्प धरते व रंगात अडकते. तीच ती पांढरी झाक. गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणे रोजचेच आहे. स्प्रेला ती ६० ते ६५ च्या खाली हवी. मॅट व्हार्निशचा स्प्रेही अशा हवेत असाच धुरकट होतो. म्हणून खरेदीतली पहिली वस्तू आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल घड्याळ असू द्या. ते स्वस्त असते आणि आकडा खाली नसेल त्या दिवशी स्प्रेच्या डब्याला हात लावायचा नाही. एसीची खोली यावर उपाय वाटते, पण बंद खोलीत लॅकरची वाफ फुप्फुसांत जाते, आणि एसीत गार झालेले मॉडेल बाहेर आणले की त्यावर दव धरते. दोन्ही नकोच.

इंजिन वाचेल. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की स्वच्छ दुपारी त्याच काळ्याचा एक हलका ओलसर थर मारा. जुना थर किंचित विरघळतो, अडकलेले बाष्प निघून जाते आणि बहुतेक वेळा झाक जाते. नाही गेली तर १२०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा आणि पुन्हा सुरुवात करा. रेझिन कधीही कोरडे घासू नका, त्याची भुकटी श्वासात जाऊ नये. आणि शुद्ध काळा नकोच. छोट्या वस्तूवर रंग मूळच्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून मॉडेलवर तो एक पायरी फिका लावायचा असतो. वाफेच्या इंजिनाला किंचित तपकिरीकडे झुकणारा गडद करडा द्या, धुराड्याच्या पेटीवर काजळीचा थोडा काळा आणि खालच्या बाजूला राखेची व तांबड्या धुळीची झाक. लोखंड तेव्हा लोखंड दिसते.

यातून वर्षाची वाटणी आपोआप होते. पावसाळ्याचे महिने कापणे, कोरणे, जुळवणे आणि ब्रशने पाण्याचे अॅक्रिलिक लावणे यांसाठी ठेवा. स्प्रेचा प्रायमर, व्हार्निश आणि इंजिनाचे मुख्य रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. घाई करून ऑगस्टमध्ये व्हार्निश मारलेत तर महिन्यांची मेहनत धुरकट होईल.

रंगांच्या दोन वेगळ्या खरेद्या करा. माती, भिंती, कातळ, झाडे यांसाठी कॅमल किंवा फेविक्रिलचे साधे अॅक्रिलिक पूर्ण चालते. मडगाव-म्हापशातल्या स्टेशनरीच्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळते. बर्न्ट सिएना, यलो ओकर, बर्न्ट अंबर, पांढरा, काळा, सॅप ग्रीन आणि लेमन यलो. या सातांतून गोव्याची जवळजवळ सगळी जमीन तयार होते. या रंगांचे कण मॉडेलच्या रंगांपेक्षा जाडसर असतात, आणि मातीवर तो जाडसरपणा उलट उपयोगी पडतो. इंजिन, माणसे, स्टेशनची पाटी, खिडक्या यांवर मात्र तो बारीक तपशील बुजवतो. तिथे मॉडेलसाठीचेच रंग घ्या, पण पाच बाटल्या पुरे: गडद करडा, मळका पांढरा, लाकडी तपकिरी, गंजाचा आणि खिडक्या-दारांसाठी एक हिरवा किंवा निळा. तुम्ही ब्रशने लावणार आहात म्हणून वालेहोसारखे पाण्यात मिसळणारे घ्या. तामियाचे अॅक्रिलिक उत्तम, पण त्यात अल्कोहोल असल्याने ते लवकर वाळते आणि ब्रशच्या ओढी राहतात. त्याचा खरा गुण एअरब्रशमध्ये दिसतो. हम्ब्रोलसारखे इनॅमल सावकाश वाळते, म्हणून ब्रशच्या खुणा राहत नाहीत. पण घरात मूल आहे आणि टर्पेंटाइनचा वास आहे, तेव्हा पहिल्या कामाला मी ते टाळतो. एक नियम मात्र कायम लक्षात ठेवा. जास्त तीव्र द्रवाचा रंग कमी तीव्र रंगाच्या वर चढवू नये. अॅक्रिलिकवर लॅकर मारले तर खालचा थर सुरकुततो.

आता ज्याच्यावर हे मॉडेल उभे राहील किंवा पडेल, त्याकडे येतो: चिरा.

‘ब्रिक रेड’ नावाची बाटली चिऱ्यासाठी घेऊ नका, आणि गंजाच्या रंगाचीही नको. चिरा विटेसारखा एकरंगी नसतो. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ आणि पिवळसर तांबडा असतो, उघड्या हवेत तो कठीण आणि गडद होत जातो. एकाच भिंतीत शेजारचे दोन चिरे एकसारखे नसतात. एक जांभळट, दुसऱ्यात पिवळ्या मातीच्या शिरा. अंगभर छिद्रे. फूट-सव्वा फूट लांबीचा आणि सात-आठ इंच उंचीचा चिरा १:८७ ला जेमतेम चार बाय दोन मिलिमीटरचा होतो, म्हणजे छिद्रे खोदण्याचा प्रश्नच नाही, त्यांचा भास द्यायचा. पाच मिलिमीटरची एक्सपीएस फोमची शीट घ्या. गच्चीच्या उष्णतारोधनासाठी जो घट्ट फोम वापरतात तोच. थर्मोकोल नको, त्याचे मणी सुटतात. बोथट पेन्सिलीने सांधे दाबून काढा, मग कडक दातांचा जुना टूथब्रश उभा धरून सगळीकडे टोचत जा. पृष्ठभाग चिऱ्यासारखा खडबडीत होतो.

रंग असा चढवा. आधी काळा आणि बर्न्ट अंबर पातळ करून सगळीकडे, छिद्रांत जाईल असा. तो पूर्ण वाळला की बर्न्ट सिएनामध्ये यलो ओकर आणि थोडा पांढरा घालून जवळजवळ कोरड्या ब्रशने वरवर फिरवा. मग बारीक ब्रश घेऊन दर पाच-सहा चिऱ्यांतला एखादा वेगळा करा, कधी ओकर वाढवून, कधी सिएनात किंचित काळा घालून. शेवटी अगदी फिका ओकर, नुसता कडांना. हे थर दाट झाले तर भिंत चॉकलेटी दिसते, म्हणून प्रत्येक वेळी ब्रश जुन्या कापडावर जवळजवळ कोरडा करून घ्या.

त्यानंतर पाऊस लिहा. छपराच्या कडेखालून भिंतीवर उतरणारे काळपट ओघळ, कारण वाळलेले शेवाळ काळे दिसते, हिरवे नव्हे. हिरवा फक्त जोत्याजवळ, सावलीच्या बाजूला आणि पन्हाळी गळते तिथे. आणि भिंतीच्या तळाशी, वीतभर उंचीपर्यंत, पागोळ्यांनी उडवलेल्या तांबड्या मातीचे शिंतोडे. १:८७ ला ते दोन-तीन मिलिमीटर भरतात. बाहेरची मॉडेले पाहून शिकणारा हा पट्टा हटकून विसरतो आणि आपल्याकडे तो प्रत्येक जुन्या घराला असतो. एक खबरदारी: फोमवर फक्त पाण्याचे रंग. स्प्रे, थिनर, टर्पेंटाइन आणि फेविक्विक फोमला खातात.

कौलांबद्दल थोडक्यात. मंगळुरात बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि मार्मागोव्याची रेल्वे १८८० च्या दशकात आली, तेव्हा स्टेशनवर मंगळुरी कौले शोभतात. १:८७ ला एक कौल साधारण तीन मिलिमीटर रुंद. तयार प्लास्टिकची कौलाची शीट मिळते, तिच्यावर पैसे खर्च करा. ही कापून करायची वस्तू नाही. तीच तांबडी छटा सगळीकडे देऊ नका. नव्याने बदललेली दहा-बारा कौले केशरी आणि बाकीची काळवंडलेली ठेवा.

जमिनीसाठी खरी माती वापरा. तुमच्या दारातली तांबडी माती विकत मिळणाऱ्या कोणत्याही पावडरपेक्षा अचूक रंगाची आहे, पण ती कच्ची वापरली म्हणूनच बहुधा तुमच्या डोंगरावर बुरशी आली. माती उन्हात वाळवा, चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून चाळा, त्यानंतर जुन्या, स्वयंपाकातून काढून टाकलेल्या तव्यावर अंगणात मंद आचेवर वाफ येणे थांबेपर्यंत भाजा. मग तिच्यावरून कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवा. आपल्या भागातल्या मातीत लोखंडाचा अंश असतो. पुढेमागे विजेवर चालणारे इंजिन आणलेत तर असले कण मोटारीत ओढले जातात. चाळताना मास्क लावाच.

बुरशीला अन्न लागते. नायलॉनचे गवत तिला खाता येत नाही. कागदाचा लगदा, खळ, लाकडाचा भुसा, न वाळवलेले शेवाळ आणि जाड थरात लावलेला, आठवडाभर ओला राहिलेला गोंद हे तिचे घर. डोंगराचा आकार कागदाच्या लगद्याऐवजी एक्सपीएसच्या थरांत कापा. वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात. माती चिकटवायला फेविकॉल आणि पाणी समसमान, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब म्हणजे मिश्रण मातीवर गोळा न होता आत मुरते, आणि लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब. लवंगेचे तेल बुरशीला अडवते. थर पातळ, पंखा चालू आणि पहिला थर कडक वाळल्याशिवाय दुसरा नाही. फळी मरीन प्लायची घ्या. वरून, खालून आणि चारही कडांना रंग द्या. एकाच बाजूने ओल शिरली की फळी वाकते आणि मग भिंतींचे सांधे उघडतात. शेवटी काचेचे झाकण करणार असाल तर मागे वाऱ्याला फट ठेवा. पूर्ण बंद पेटीत ओल कोंडते.

गवताचे चार प्रकार आणि यंत्र आत्ता काढून टाका. दोन मिलिमीटरचे एक पाकीट घ्या, तेही रुळाच्या कडेला. उंच गवतासाठी सुतळी मोकळी करून कापा, सॅप ग्रीनमध्ये लेमन यलो मिसळलेल्या पाण्यात बुडवून वाळवा. वाळक्या गवतासाठी काथ्या जसा आहे तसा. झाडाखालच्या पाचोळ्यासाठी चाळलेले कोकोपीट. ही सगळी सामग्री वनस्पतींचीच, म्हणून मातीइतकीच कडक वाळवून वापरा. शेताचा पट्टा केलात तर भाताचा रंग रानाच्या हिरव्यापेक्षा खूप पिवळा ठेवा. बाजारातल्या तयार हिरव्या भुकटीत हा रंग मला कधी बरोबर सापडत नाही, तो मिसळूनच करावा लागतो.

तयार झाडांची ऑर्डर पूर्ण रद्द करा, कारण तुम्हाला माड हवे आहेत आणि तयार माड बहुतेक खेळण्यातले असतात. वाढलेला माड सहज १८ ते २० मीटरचा, म्हणजे १:८७ ला वीतभर, २१ ते २३ सेंटिमीटर. विकत मिळणारे अनेकदा त्याच्या निम्मेही नसतात. इमारतीच्या छपराहून तिप्पट-चौपट उंच माड उभा केला की दृश्य क्षणात कोकणपट्टीतले होते. विजेच्या वायरीतली तांब्याची तार पीळ देऊन खोड करा, वर मास्किंग टेपची पट्टी तिरकी गुंडाळा, टेपच्या कडा झावळ्या गळून राहिलेल्या कड्यांसारख्या दिसतात. खोड करडे रंगवा, तपकिरी नव्हे. किंचित वाकवा, पण सगळे एकाच बाजूला नको. झावळीसाठी जाडसर कागद दोन्ही बाजूंनी रंगवून लांब पानाच्या आकारात कापा, मध्ये तारेचा कणा चिकटवा आणि दोन्ही कडांना तिरक्या बारीक चिरा द्या. कोवळ्या वरच्या झावळ्या पिवळसर आणि उभ्या, खालच्या गडद आणि लोंबत्या, एक-दोन वाळून तपकिरी. एका माडाला वीस-पंचवीस झावळ्या कापाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळू नका. तुमच्या दृश्यात पाहणाऱ्याची नजर सगळ्यात आधी तिथेच जाणार आहे.

पाण्यासाठी इपॉक्सीऐवजी खिडक्यांच्या कडा भरायला वापरतात तो पारदर्शक सिलिकॉन सीलंट घ्या. इपॉक्सीचे दोन भाग अचूक मोजावे लागतात, दमट हवेत त्याच्या पृष्ठभागावर चिकट पापुद्रा धरू शकतो आणि उन्हात ते पिवळे पडते. सिलिकॉन हवेतले बाष्प घेऊनच घट्ट होतो. जी हवा तुमचा स्प्रे बिघडवते तीच इथे कामाला येते. प्लास्टिकच्या गुळगुळीत कागदावर ओहोळाच्या लांबीच्या धारा एकमेकींना लागून ओढा, काडीने लांबवा, दोन दिवसांनी पापुद्रा सोडवून कातळावर चिकटवा. सिलिकॉनवर रंग नीट धरत नाही, म्हणून ताज्या धारांतच काडीने किंचित पांढरा अॅक्रिलिक मिसळा आणि पाणी आपटते तिथे पांढऱ्याचा जोर वाढवा. वास व्हिनेगरसारखा येतो, खिडकी उघडी ठेवा.

हत्यारांचा पन्नास नगांचा संच नको. त्यातली पाचच हाताळली जातात आणि त्यांचेच पोलाद हलके असते. सर्जिकल ब्लेडचा ३ नंबरचा दांडा आणि ११ नंबरची पाती वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळतात. छंदाच्या सुरीपेक्षा स्वस्त आणि जास्त धारदार. पोलादी फूटपट्टी, कटिंग मॅट, टोकदार चिमटा, एक चांगला कटर, बारीक भोकांसाठी हातड्रिल आणि ४००, ८००, १२०० चे वॉटर पेपर, जे गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सुटे मिळतात. ब्रशवर मात्र कंजुषी करू नका. ० आणि २ नंबरचे दोन उत्तम सिंथेटिक ब्रश आणि एक चपटा. इंजिनासाठी ते वेगळे ठेवा, मातीला लावू नका. समुद्राकडची हवा पोलादाला सोडत नाही, म्हणून काम संपल्यावर पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. फेविक्विकची नळीही त्याच डब्यात, झाकण घट्ट लावून ठेवा. तोही बाष्पानेच घट्ट होतो, उघडा राहिला तर नळीतच दगड.

एअरब्रश या मॉडेलला लागत नाही. एका इंजिनासाठी स्प्रेचा प्रायमर आणि ब्रश पुरतात, फोमच्या इमारतीसाठी नुसता ब्रश. दुसऱ्या कामाच्या वेळी हौस टिकलेली असेल तर दुहेरी क्रियेचा (एकाच ट्रिगरने हवा आणि रंग दोन्ही सोडणारा), वर कप असलेला, ०.३ मिलिमीटर नोझलचा घ्या. कॉम्प्रेसर टाकीवाला हवा आणि बाष्प अडवणारा सापळा त्याला असलाच पाहिजे. गोव्यात त्या सापळ्यात पाणी साचते, ते दर वेळी सोडावे लागते. सापळ्याशिवायचा स्वस्त कॉम्प्रेसर इथे रंगात पाण्याचे थेंब थुंकतो.

मागवताना एवढे पाहा, स्प्रेचे डबे, लॅकर आणि थिनर ज्वालाग्राही असल्याने साध्या विमानी कुरिअरने येत नाहीत. ते गाड्यांच्या रंगाच्या स्थानिक दुकानातून घ्या किंवा रस्त्याने पाठवणारा विक्रेता शोधा. पाण्याच्या रंगांना ही अडचण नाही. हवा मोजणारे घड्याळ, पाती, फोम आणि साधे अॅक्रिलिक आत्ता घ्या, एक भिंत पूर्ण करा. रूळ, कौलाची शीट आणि मॉडेलचे पाच रंग ती भिंत मनासारखी झाल्यावर. स्प्रे दसऱ्यानंतर.

मुलीला जरूर घ्या. टूथब्रशने चिरे टोचणे, वेगवेगळ्या चिऱ्यांना छटा देणे, सुतळी रंगवणे, झावळ्यांचे कागद रंगवणे ही खरी कामे आहेत आणि नऊ वर्षांचे मूल ती नीट करते. भिंतीतले वेगळ्या रंगाचे चिरे कोणते असावेत हे तिलाच ठरवू द्या. मोठ्यांचा हात नकळत ठरावीक अंतराने रंगवतो, मुलांचा नाही. पाते, फेविक्विक, स्प्रे, रेझिन घासणे, माती भाजणे आणि सीलंट ही कामे तुमची. रेझिनच्या कामाला नायट्राइलचे हातमोजे घाला, स्प्रेच्या वेळी सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लावा, कारण धुळीचा साधा मास्क वाफ थांबवत नाही, आणि वास पूर्ण जाईपर्यंत तिला त्या बाजूला येऊ देऊ नका. थिनर आणि पाती कुलपाच्या कपाटात, तिचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवा.